‘कोडॅकचा टीव्ही’ की ‘कोडॅक छाप टीव्ही’?

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न असा: ‘घरी नवा टीव्ही घ्यायचा होता. आई म्हणाली, कोडॅकचा घे, जुनी भरवशाची कंपनी आहे. दुकानदार म्हणाला, टीव्ही बनवणारे वेगळेच आहेत, कोडॅकचं फक्त नाव. सोसायटीच्या अंकासाठी यावर टिपण लिहितो आहे. अशा मालाला मराठीत काय म्हणावं? “बेनामी” चालेल, की सरळ “तोतया” म्हणू?’

‘बेनामी’ चालणार नाही. बेनामी व्यवहारात खरा मालक दुसऱ्याच्या नावाआड दडतो, आणि त्याचा माग कुणाला लागू नये हीच त्याची धडपड असते. इथे दडवादडवी नाही. वेष्टनबंद मालाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता छापावाच लागतो. अक्षरं बारीक असतात, पण असतात.

‘तोतया’ पुणेकराला सुचावा यात नवल नाही. पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर 1776 मध्ये त्यानं कोकणातले किल्ले घ्यायचा सपाटा लावला आणि माणसंही त्याच्याकडे भराभर जमली. त्याच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं काय होतं? काही नाही. लढत होतं ते भाऊसाहेबांचं नाव. शेवटी त्याला पकडून पुण्यात देहान्ताची शिक्षा झाली. जुन्या भरवशाच्या नावात किती ताकद असते, याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. तरीही हा शब्द तुमच्या टिपणात नको. नावाच्या धन्याची परवानगी नसणं हे तोतयेपणाचं मर्म आहे. एखादं अक्षर इकडचं तिकडे करून विकले जाणारे बूट तोतया. कोडॅक नावाचे टीव्ही भारतात 2016 पासून मिळतात ते मूळ कंपनीशी रीतसर करार करून. त्यांना तोतया म्हटलंत, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना उगाच वकिलाची नोटीस यायची.

फोटोचा रोल करणाऱ्यांनी टीव्हीला नाव द्यावं, हे खुपतं का? त्यात तसं वावगं काही नाही. गोदरेजची सुरुवात 1897 मध्ये कुलपांपासून झाली. मग साबण आला, कपाट आलं, टाइपरायटर आला, फ्रिज आला. नोकियाचा जन्म 1865 चा, फिनलंडमधल्या कागदाच्या गिरणीतला. पुढे त्याच नावाखाली गमबूट झाले, केबल झाल्या आणि मग फोन. माल बदलला, पण मागे उभी माणसं सलग होती. फोनचा धंदा 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, 2016 च्या अखेरीस एचएमडी या नव्या कंपनीनं नोकिया नावाच्या फोनची सूत्रं घेतली, आणि 2019 च्या डिसेंबरात आपल्याकडे नोकिया नावाचा टीव्ही आणला तो फ्लिपकार्टनं. इथे दोरा तुटतो.

आता माझ्या मते जिथे खरी गोम आहे तिथे येऊ. तुमच्या आईंची गल्लत शब्दानं केलेली नाही, प्रत्ययानं केली आहे. ‘चा-ची-चे’ ही आपली षष्ठी फार सैल आहे. ‘सोन्याची अंगठी’ म्हणजे सोनं वापरून केलेली, ‘आईची अंगठी’ म्हणजे आईच्या मालकीची, आणि ‘गाडगीळांची अंगठी’ म्हटलं की पुण्यात कुणीही लक्ष्मी रस्त्यावरच्या पेढीकडे बोट दाखवतो. नातं कुठलं, ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. कंपनीच्या नावाला ‘चा’ लागला की मराठी कान ‘त्यांनी बनवलेला’ हाच अर्थ घेतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो खरा होता. ‘चितळ्यांची बाकरवडी’ म्हणताना ती चितळ्यांकडेच झाली आहे याची खात्री असते. ‘कोडॅकचा टीव्ही’ त्याच साच्यातून निघतो आणि न बोललेली हमी बरोबर घेऊन येतो.

यावर उतारा आपल्याच बाजारात पडलेला आहे: ‘छाप’. गाय छाप जर्दा, मुर्गा छाप फटाके. गायीनं जर्दा मळला किंवा कोंबड्यानं फटाक्यात दारू ठासली, असं कुणाच्या मनात येत नाही. ‘छाप’ फक्त एवढंच सांगतो की या मालावर ही खूण आहे. ‘कोडॅक छाप टीव्ही’ म्हणा, वाक्य अक्षरशः खरं होतं. ‘अंगठाछाप’मुळे या शब्दाला थोडा हिणकस वास लागला आहे हे मान्य, पण तुमच्या टिपणाला तो मारक नाही, उलट कामाचा आहे.

खूण, माल आणि माणसं यांची फारकत कशी होते हे ब्लाउपुंक्टमध्ये छान दिसतं. बर्लिनमध्ये 1923 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं पहिलं नाव ‘इडिअल’. तपासणीत उतरलेल्या हेडफोनवर ते निळा ठिपका लावत. गिऱ्हाइकं ‘निळा ठिपका द्या’ म्हणू लागली, म्हणून 1938 मध्ये कंपनीनं ‘ब्लाउपुंक्ट’, म्हणजे जर्मनमध्ये ‘निळा ठिपका’, हेच नाव घेतलं. म्हणजे मुळात ती तपासनिसाची छाप. पुढे मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, ठिपका उरला. आज भारतात ब्लाउपुंक्ट, थॉमसन आणि कोडॅक ही तिन्ही नावं लावून टीव्ही विकणारी कंपनी एकच आहे! दुकानात तीन ‘कंपन्यां’ची तुलना करत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार?

लेखी मराठीत ‘छाप’ फारच बाजारी वाटत असेल, तर ‘उसन्या नावाचा’ म्हणा. ‘उसनं अवसान’ आपण म्हणतोच. शिवाय शेजारून उसनी आणलेली साखर परत करायची असते, तसं परवान्यावरचं नावही मुदतीनंतर परत जातं. नावाची मालकीच विकली गेली असेल, तर मात्र ‘उसनं’ चूक. अॅम्बेसिडर गाडीचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं आणि 2017 मध्ये नुसतं नाव फ्रान्सच्या प्यूजोनं 80 कोटी रुपयांना विकत घेतलं. अशा ठिकाणी ‘खरेदीचं नाव’ म्हणावं. ईस्ट इंडिया कंपनीचं नावही असंच विकत गेलं. 1817 मध्ये पुणं ज्या कंपनीच्या ताब्यात गेलं, तिच्या नावानं 2010 मध्ये लंडनमध्ये चहाचं दुकान उघडलं, आणि मालक मूळचे मुंबईचे. या नावाला भरवशाचं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, ते सोडा.

चेतकची गोष्ट वेगळी. विजेवरची चेतक 2020 मध्ये पुणे आणि बंगळूरमध्ये विक्रीला आली, पण घराणं आकुर्डीचंच आणि धंदाही दुचाकीचाच. तिथे ‘बजाजची चेतक’ ही षष्ठी पूर्वीइतकीच खरी आहे.

परवान्यावरच्या नावाला ‘अनुज्ञप्त नाममुद्रा’ असला शब्द कुणी सुचवला तर नम्रपणे नकार द्या. तुमच्या टिपणात एवढं पुरे: ‘हा टीव्ही कोडॅक छाप आहे. बनवणाऱ्याचं नाव आणि तक्रारीचा पत्ता खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे, तो वाचून मग पैसे द्या.’