स्विफ्टला बलेनोची किंवा ब्रेझाची १६ इंची चाके बसवावीत का?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा, की आपली स्विफ्ट व्हीएक्सआय २०१९ सालची असून तिला कंपनीचे १६५/८० आर १४ टायर आणि स्टीलच्या रिम आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आपल्याला दोन जुने संच दाखवण्यात आले. एक बलेनोच्या अलॉयचा, १९५/५५ आर १६ टायरांसह, आणि दुसरा ब्रेझाच्या अलॉयचा, २१५/६० आर १६ टायरांसह. दुसरा संच अॅडॅप्टर लावून बसवला तर गाडी इंचभर वर उचलली जाईल आणि मुंबईच्या खड्ड्यांत बुडाला लागणार नाही, असे गॅरेजवाल्याने सांगितले. यांपैकी कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. टायर आणि अलाइनमेंटच्या कामात माझा बराच काळ गेला असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

ब्रेझाचा संच पूर्णपणे विसरावा. स्विफ्ट आणि बलेनो या दोन्ही गाड्यांच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, चार नट असतात आणि त्यांच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, १०० मिलिमीटर असतो. ब्रेझाला पाच नट आहेत आणि पीसीडी ११४.३ मिलिमीटर आहे. हा फरक मिटवायला जो अॅडॅप्टर मध्ये घालतात तो चाकाला त्याच्या जाडीइतके बाहेर ढकलतो, त्यामुळे बेअरिंगवर पडणारा भार वाढतो आणि गाडीचे सगळे वजन कोणीतरी लेथवर घडवलेल्या एका चकतीवर येते. त्यात टायर मूळपेक्षा ५० मिलिमीटर रुंद, म्हणजे पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर तो मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासणार हे जवळपास ठरलेले.

गॅरेजवाल्याचे इंचाचे म्हणणे मात्र खोटे नाही. टायरवरचा पहिला आकडा रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची उंची आहे ते, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. आपल्या टायरची साइडवॉल १६५ च्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर; तिची दुप्पट आणि १४ इंचांचे ३५५.६ मिलिमीटर मिळून चाकाचा एकूण व्यास ६१९.६ होतो. ब्रेझाच्या टायरचा तोच हिशेब ६६४.४ येतो. फरकाचा निम्मा, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर, गाडी खरोखर वर जाईल. परंतु व्यास सात टक्क्यांहून अधिक वाढल्यामुळे चाक एका फेरीत जास्त अंतर कापेल आणि स्पीडोमीटरला ते कळणार नाही. मूळ चाकांवर तो जिथे खरा वेग दाखवत असेल तिथे आता काट्यावर १०० दिसताना गाडी १०७ ने धावत असेल, आणि अटल सेतूवर मोटारींची मर्यादा १०० ची आहे. शिवाय चढावर गाडी जड वाटेल, ते वेगळेच. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा या धंद्यातला सर्वमान्य दंडक आहे.

बलेनोच्या चाकाचा व्यास ६२०.९ येतो, म्हणजे आपल्या चाकापेक्षा जेमतेम सव्वा मिलिमीटर अधिक. पीसीडी तोच आणि मधल्या भोकाचा व्यासही तोच, ५४.१. भार पेलण्याचा निर्देशांकही पुरेसा आहे, कारण आपल्या टायरवर ८५, म्हणजे ५१५ किलो, असेल आणि बलेनोच्या टायरवर सहसा ८७, म्हणजे ५४५ किलो, असतो. तेव्हा हा संच बसेल. मात्र यात गाडी अजिबात उंच होत नाही. रिम मोठी झाली तेवढे रबर कमी झाले, इतकेच.

आणि माझ्या मते मुंबईत खरा प्रश्न इथेच आहे. बलेनोच्या टायरची साइडवॉल १०७ मिलिमीटर आहे, म्हणजे खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामधले सुमारे २५ मिलिमीटर रबर आपण स्वखुशीने सोडून देणार. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा, वर आलेले पेव्हर ब्लॉक, नव्या काँक्रीटच्या आणि जुन्या डांबराच्या पातळीतला फरक, यांची कड टायर चिरडून थेट रिमवर आपटते. स्टीलची रिम अशा वेळी वाकते आणि ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा जातो. टायरच्या आतले दोर तुटून साइडवॉलवर फुगा आला, तर तो टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हेही हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या परिसरातून रोज जाणाऱ्याने लक्षात घ्यावे. कोरड्या रस्त्यावर पकड वाढते हे खरे, पण वरळीहून अंधेरीला जाताना त्या पकडीचा उपयोग करण्याची संधी वाहतूक आपल्याला कितीदा देते?

म्हणून माझा सल्ला तिसराच आहे. स्विफ्टच्याच झेडएक्सआय प्रकाराला कंपनीने १८५/६५ आर १५ टायर दिले होते. त्यांचा व्यास ६२१.५ आणि साइडवॉल १२० मिलिमीटर. गाडी भरीव दिसते, पकड सुधारते आणि खड्ड्यांपुढे रबरही राहते. त्या रिम जुन्या बाजारात मिळतात.

तरीही बलेनोचाच संच घ्यायचा असेल, तर रिम पालथी करून पाहावी. मागच्या बाजूला ओतीव अक्षरांत रुंदी आणि ईटी असा एक आकडा असतो. हा ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर सरकलेला आहे ते. हा आकडा जितका लहान तितके चाक बाहेर येते. त्याच वेळी आतल्या कडेवरून बोट फिरवावे. वेल्डिंग करून वरून रंग मारलेली रिम समोरून नव्यासारखी दिसते, पण आतली शिवण बोटाला लागते. मग बॅलन्सिंग यंत्रावर रिम फिरवून ती डगमगते का ते पाहावे. टायरवरचे चार आकडी उत्पादन-चिन्हही वाचावे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो टायर कायद्यानेही चालत नाही. झिजलेल्या टायरची खाच गरम हत्याराने पुन्हा कोरून विकणारे महाभागही आहेत. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात, ते शाबूत नसतील तर संशय घ्यावा.

पुढे कोणी आय-२० ची किंवा होंडा सिटीची चाके दाखवली, तर तीही चार नटांची आणि १०० पीसीडीची असतील. पण होंडाच्या मूळ रिमवर नटाची बैठक गोलाकार असते आणि मारुतीचा नट शंकूसारखा, त्यामुळे तो वरून घट्ट वाटला तरी पुरता टेकत नाही. या दोन्ही गाड्यांच्या नटांच्या आट्यांमधले अंतर १.५ मिलिमीटर आणि मारुतीच्या नटांचे १.२५, म्हणून तिकडचे नट हवेच्या गनने आपल्या स्टडवर, म्हणजे नट ज्यावर आवळतात त्या हबच्या दांड्यावर, चढवू देऊ नयेत. जुन्या फियाटच्या ९८ पीसीडीच्या रिमच्या तर वाटेलाच जाऊ नये. दोन मिलिमीटरांचा तो फरक नट आवळून लपतो, आणि नंतर स्टड तुटतो.

कायद्याविषयी थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा काटेकोर अर्थ लावला आहे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा, म्हणजे दाव्याच्या वेळी हुज्जत होत नाही.

चाके बसवल्यावर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला खडू फासावा, गाडीत पाच माणसे बसवावीत आणि इमारतीच्या पार्किंगच्या उतारावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मागे-पुढे करावी. जिथला खडू पुसला तिथे टायर घासतो. त्यानंतर अलाइनमेंट करावी आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत. स्टेपनी १४ इंचीच राहिली तरी व्यास जवळजवळ सारखा असल्याने पंक्चरवाल्यापर्यंत बेताच्या वेगाने जाता येते. उरलेल्या स्टीलच्या रिम विकू नयेत. गाडी विकताना त्या परत चढवून अलॉय वेगळे विकले तर दोन्हींचे पैसे चांगले येतात.