गप्प करायचं, पण कोणाला आणि किती

अगं, तुझ्या प्रयोगाच्या प्लॅनचा मेल काल रात्री वाचला, आज सकाळी चहा घेताना परत वाचला. उत्साह भारी आहे पण मी पहिल्याच ओळीत अडखळले. "आरपी पेशंटच्या डोळ्यात एएव्हीने जीन सायलेन्स करायचा." आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार, एएव्ही म्हणजे जीन पेशीत पोचवणारा व्हायरस आणि सायलेन्स म्हणजे गप्प करणं, इथपर्यंत ठीक, पण कुठल्या आरपी पेशंटच्या गं? उदाहरण दिलंयस लक्सटर्ना ह्या जीन थेरपीचं, डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं, पण त्यात कोणालाच गप्प करत नाहीत. आरपीई६५ ह्या जीनच्या दोन्ही कॉपी बिघडलेल्या असतात, एक चांगली नेऊन द्यायची, झालं. डॉमिनंट, म्हणजे एकच बिघडलेली कॉपी पुरे पडते अशा, आजाराची भानगड वेगळी. तिथे एक कॉपी धडधाकट असते, पण दुसरी बिघडलेली सगळ्या पेशीचा विचका करते. घरात एक जण रोज तमाशा करत असेल तर अजून एक शहाणा माणूस आणून फार काही होत नाही, आधी त्या तमाशेवाल्याला आवरावं लागतं.

आता तुझा पी२३एच. ऱ्होडॉप्सिन म्हणजे रेटिनातल्या रॉड्स ह्या पेशींमधलं उजेड टिपणारं प्रोटीन, त्यातलं हे म्युटेशन १९९० मध्ये सापडलं, २३ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन, म्हणजे डीएनएत एकच अक्षर, सी चं ए. तुझा शॉर्ट हेअरपिन आरएनए, म्हणजे जीनच्या आरएनएला चिकटून त्याला गप्प करणारा छोटा तुकडा, वीस-एकवीस अक्षरं जुळवून पकडणार आणि त्यातल्या एका अक्षरावरून चोर कोण साव कोण ओळखणार, हे कागदावर फार छान दिसतं. समज जमलंही, तरी ऱ्होडॉप्सिनमध्ये अशी दीडशेच्या वर म्युटेशन्स आहेत, आणि पी२३एच मुख्यतः अमेरिकेतल्या कुटुंबांत, आपल्याकडे क्वचितच. प्रत्येक म्युटेशनला वेगळं औषध कोण काढणार आणि कोण परवडवणार?

म्हणून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जेन फॅरार आणि मंडळींनी जो रस्ता धरला तो आधी नीट समजून घे. दोन्ही कॉपी गप्प करायच्या, आणि सोबत नवा जीन द्यायचा ज्याचं स्पेलिंग हेअरपिन बसतो तिथे मुद्दाम बदललेलं. एका अमिनो ॲसिडला बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त कोडॉन (तीन अक्षरी शब्द) असतात ना, त्यामुळे प्रोटीन तेच बनतं पण हेअरपिनला ते ओळखू येत नाही. मला तर ही आयडिया आजही जाम आवडते. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडाच्या लोकांनी हे दोन्ही एकाच एएव्हीत घालून कुत्र्यांवर केलं. त्या कुत्र्यांच्या रेटिनाला प्रखर उजेडच सोसत नाही, उजेड पडला की रॉड्स मरायला लागतात. मूळचा आरएनए ९८-९९ टक्के खाली गेला, नवीन ऱ्होडॉप्सिन नॉर्मलच्या जेमतेम ३० टक्क्यांपर्यंत आलं, आणि तेवढ्यावर रॉड्स आठ महिन्यांच्या वर टिकले. ३० टक्के हा आकडा वहीत लिहून ठेव, कारण तुला वाटतंय जास्त म्हणजे बरं, आणि ऱ्होडॉप्सिन जास्त झालं तरी रॉड्स मरतात.

जागेची काळजी तुला कमी आहे. एएव्हीत साधारण ४.७ किलोबेस, म्हणजे ४७०० अक्षरं, मावतात आणि ऱ्होडॉप्सिनचा कोडिंग भाग हजार अक्षरांच्या थोडा वर, एबीसीए४ ह्या मोठ्या जीनवर काम करणारे बिचारे ६.८ किलोबेस घेऊन रडत बसलेत.

डोसबद्दल मात्र तू एक ओळही लिहिली नाहीस, त्याचा मला राग आला, खरंच. २००६ मध्ये उंदरांच्या लिव्हरमध्ये एएव्हीतून ४९ वेगवेगळे हेअरपिन देऊन पाहिले, ३६ मध्ये लिव्हरला इजा झाली आणि २३ मध्ये उंदीर मेले. टार्गेट चुकलं म्हणून नाही हं, पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए (जीन्सना आवर घालणारे छोटे आरएनए) ज्या वाटेने न्यूक्लियसच्या बाहेर येतात तीच वाट ह्यांनी तुंबवली. म्हणजे पीक अवरला लोकलच्या दारात ट्रंक घेऊन उभं राहण्यासारखं. तेव्हा प्रमोटर, म्हणजे हेअरपिन किती बनायचा ते ठरवणारा स्विच, जपून निवड, सगळ्यात जोरदार तोच हवा असं नसतं.

आणि कंट्रोल. मी एकदा नुसता जीएफपीवाला (हिरवं चमकणारं प्रोटीन देणारा) एएव्ही कंट्रोल म्हणून वापरला, स्क्रॅम्बल हेअरपिन (अक्षरं उलटसुलट केलेला, टार्गेटला न बसणारा) केलाच नाही, ईआरजी (उजेडाला रेटिनाचा विद्युत प्रतिसाद) खाली गेला तेव्हा तो टार्गेटमुळे की हेअरपिनमुळे की सबरेटिनल (रेटिनाच्या खाली दिलेल्या) इंजेक्शनमध्ये रेटिना उचलला गेला म्हणून, काही म्हणजे काही सांगता येईना, आठ महिने पाण्यात. तुझ्या प्लॅनमध्ये हे तिन्ही कंट्रोल वेगवेगळे दिसले पाहिजेत मला.

हेअरपिनचे सीक्वेन्स आणि बदललेल्या जीनचा त्याच जागेचा तुकडा एकाखाली एक लावून शुक्रवारपर्यंत पाठव, किती अक्षरं जुळत नाहीत ते मोजून. मग फोनवर बोलू, रात्री नऊनंतर कर.