अंगणात अस्वल येतंय, काय करावं?

प्रश्न : किनवट तालुक्यात जंगलाला लागून आमचं शेतातलं घर आहे. मार्चपासून रात्री अस्वल अंगणात येतंय. कुंपणात लाईट सोडावी का?

उत्तर : मुळीच नको. थेट लाईनचा करंट माणूस, बैल, अस्वल, कुणालाही मारतो आणि तो गुन्हा आहे. कुंपण करायचंच तर सौरऊर्जेवरची झटका मशीन लावा; ती तारेत थेट करंट न सोडता क्षणभराचा झटका देते. तारेला गवत टेकलं की झटका कमी होतो, म्हणून खालचं गवत कापत राहा.

पण आधी ते कशाला येतं ते बघा. मार्च-एप्रिलात बहुतेक मोहफुलांसाठीच. वाळवण संध्याकाळी गोळा करून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, बंद खोलीत ठेवा. गूळ, खरकटं, गळालेली फळंही बाहेर नकोत. घराजवळचं वारूळ खणून सपाट करा, कारण वाळवी त्याचं आवडतं खाद्य आहे. घराजवळची घाणेरीची झुडपं तोडा, अस्वल त्यांत दडून बसतं.

अस्वलाची नजर अधू असते. अचानक समोर माणूस आला की ते बिथरतं, पिलं असतील तर जास्तच. म्हणून अंधारात बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत, दोघांनी चालावं. मोहफुलं वेचायला उजाडल्यावरच जा. मोकळं कुत्रं अस्वलाला चिडवून तुमच्याकडेच पळत येतं, तेव्हा ते रात्री बांधा. अस्वल पुन्हा दिसलं तर वनविभागाच्या १९२६ वर कळवा.