घरी ओतलेल्या शिशाच्या वजनांवर सुरकुत्या का पडतात, आणि शिसं उडतं ते कशामुळे?

तुम्ही मांडवीच्या मुखाशी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाता आणि 50 व 100 ग्रॅमची वजनं अ‍ॅल्युमिनियमच्या दोन भागांच्या साच्यात घरीच ओतता. वजनांवर सुरकुत्या येतात, गॅस मोठा केला तरी जात नाहीत, आणि जुलैत एकदा साच्यातून शिसं फटकन उडून हातावर आलं. काय चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हींचं मूळ एकच आहे. तुमचा साचा थंड आहे. गॅस कमी करा आणि साचा तापवा.

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, ओतायला 370 ते 400 पुरे. थंड अ‍ॅल्युमिनियमला टेकताक्षणी शिशावर साय धरते आणि मागून येणारं शिसं त्या सायीवर घडी घालत जातं. हीच ती सुरकुती. शिसं 450 वर नेलं तरी थंड साचा ती उष्णता ओढून घेतो. पदरात पडतो फक्त जास्त धूर आणि जास्त मळ, म्हणजे शिशावर जमणारी करडी भुकटी.

उडण्याचं कारण ओल. गोव्याच्या पावसाळ्यात रात्रभर पडलेल्या साच्यावर दमटपणा बसतोच, डोळ्यांना दिसत नाही इतकंच. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं. पाण्याचा थेंब शिशाच्या वर पडला तर बहुधा चर्र करून उडून जातो. तोच थेंब शिशाखाली अडकला तर वाफेला वाट मिळत नाही आणि ती वरचं सगळं शिसं भिरकावते. म्हणून साचा गरम करणं हा दोन्हींवरचा इलाज आहे.

नवा साचा आधी भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासून घ्या. कारखान्यातलं तेल राहिलं तरी सुरकुत्या येतात, आणि त्या साचा तापवूनही जात नाहीत. नीट वाळवा, मग मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून आत काजळीचा पातळ थर चढवा. भांडं तापत असताना साचा त्याच्या कडेशी दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तापला की नाही हे पाण्याचा थेंब टाकून कधीही पाहू नका. पहिली पाच-सहा वजनं खराबच येतात, ती परत वितळवायची. तेवढ्यात साचा रंगात येतो. पळीही तापलेली हवी, आणि धार एकदाच, न थांबता. गोठताना शिसं सुमारे साडेतीन टक्के आकसतं, म्हणून ओतायच्या तोंडावर थोडं जास्त शिसं साचू द्या. नाहीतर तिथे खड्डा पडतो. 100 ग्रॅमच्या वजनाला अर्धा मिनिट द्या, मगच साचा उघडा. उलट वजनं दाणेदार, पिठूळ पांढरी दिसू लागली तर साचा जास्त तापलाय. दोन मिनिटं थांबा.

भांडं जाड लोखंडी घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको. ते मऊ पडून शिशाच्या भाराने दगा देतं. दोन किलो शिसं म्हणजे जेमतेम 176 मिली, चहाचा एक कप. एका वेळी तेवढंच पुरे. तापमानाला के टाइपचा, म्हणजे जास्त तापमान मोजणारा, थर्मोमीटर मिळतो, तो घ्याच. नसेल तर मळ बाजूला सारून पाहा. शुद्ध शिशाचा पृष्ठभाग लगेच सोनेरी, निळा, जांभळा होत असेल तर आच जास्त आहे. मळ वर आला की वाटाण्याएवढं मेण टाकून कोरड्या लाकडाने ढवळायचं. मेणाची वाफ पेट घेते, म्हणून तोंड लांब ठेवा. वर उरलेली करडी भुकटी चमच्याने काढून घ्या.

आता शिसं कुठून आणता ते महत्त्वाचं. भंगारातली गाडीच्या चाकांची वजनं हल्ली बरीच जस्ताची किंवा लोखंडाची असतात. पक्कडीने चिमटा घ्या. शिसं मऊ लोण्यासारखं दबतं, जस्त दबत नाही. जस्त 419 अंशांना वितळतं. म्हणजे आच 400 च्या आत असेल तर चुकून आलेला जस्ताचा तुकडा वर तरंगतो, तो उचलून टाकता येतो. गॅस मोठा केलात तर तोही विरघळतो, शिसं पोह्यांच्या लगद्यासारखं होतं, साचा भरत नाही, आणि पुन्हा सुरकुत्या! गॅस वाढवल्यावर तुमचं काम आणखी बिघडलं असेल तर आधी हे तपासा.

बॅटरीचं शिसं घेऊच नका. त्यात आम्ल असतं, अँटिमनी आणि आर्सेनिक असू शकतं, आणि त्याच्या मळाला ओल लागली तर फार विषारी वायू सुटतात. शिवाय 2022 च्या नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यायची असते.

पागेराची, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याची, जुनी वजनं वितळवणार असाल तर जास्त जपा. त्यांच्या भोकात मीठ, शेवाळ आणि पाणी दडलेलं असतं. ती थंड भांड्यातच घालून मग गॅस लावायचा, वितळलेल्या शिशात टाकायची नाहीत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे जाळी दुरुस्त करायला आणि शिसं ओतायला लोकांना हेच दिवस मोकळे मिळतात. पण ओतायला हेच सगळ्यात वाईट. एप्रिल-मेमध्ये वर्षाची वजनं ओतून ठेवा, पावसात फक्त ओवा. उरलेलं शिसं जुन्या लोखंडी आप्पेपात्रात ओतलं तर सुटसुटीत ढेपा होतात. 20 मिलीच्या खाचेत सुमारे 225 ग्रॅम. आप्पेपात्र, कढई, पळी यांपैकी काहीही पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

काम अंगणात, वारा पाठीशी घेऊन. फ्लॅटच्या बाल्कनीत नाही. बंद चामडी बूट, बुटांवरून आलेली सुती पँट, चामडी हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड. नायलॉन-पॉलिस्टर अंगाला चिकटून वितळतं. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, आणि मग डॉक्टर. मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत. शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 400 च्या आत धूर फारसा नसतो. खरा धोका मळाच्या भुकटीचा आणि हातांचा. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाही नको, कपडे वेगळे धुवा. बारीक शिसं दोरीवर दाताने दाबायची सवय असेल तर आजच सोडा. मळ झाकणाच्या डब्यात साठवून शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याला द्या. माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका.

खडकात गरवताना शिसं वापरूच नये असं माझं मत आहे. तिथे दर दुसरं वजन अडकून राहतं. 100 ग्रॅमचा शिशाचा गोळा 26 मिलिमीटरचा, लोखंडाचा 29 चा. प्रवाहात एवढा फरक जाणवत नाही. 12 मिलिमीटरच्या सळीचा सव्वाअकरा सेंटिमीटरचा तुकडा भरतो 100 ग्रॅम. तो मुख्य दोरीपेक्षा कमकुवत दोरीने बांधा. अडकला तर तेवढाच तुटेल, गळ आणि चणक मासा दोन्ही हातात राहतील.