कंपनीला टॅग करण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. त्या मुलाने लिहिलंय ते घाणेरडं आहे, त्यात वाद नाही. तुझा प्रश्न असा, की त्याच्या प्रोफाइलवर कंपनीचं नाव दिसतंय, बाकीच्यांनी टॅग करायला सुरुवात केलीच आहे, तर मीही करू का? करू नकोस. त्याची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही. चाकणच्या पट्ट्यात एचआरमध्ये नोकरी केली, तेव्हा असा टॅग पलीकडे पोहोचल्यावर काय होतं ते जवळून पाहिलंय.

तुला वाटत असेल, कोणीतरी ती पोस्ट नीट वाचेल, त्याला बोलावून विचारेल, मग काय ते ठरेल. छे. सकाळी मार्केटिंगचा मेल येतो, खाली स्क्रीनशॉटची चळत. साहेब मजकूर वाचायच्या आधी विचारतात, 'किती शेअर झालंय?' मग फाइलमधून नेमणूकपत्र निघतं. 'कंपनीच्या प्रतिमेस बाधा येईल असे वर्तन' हे कलम त्यात असतंच, आम्हीच घातलेलं. दुपारी पोराला मीटिंग रूममध्ये बसवतात, समोर कोरा कागद ठेवतात: राजीनामा लिहून दे, अनुभवाचं पत्र चांगलं देतो. तो लिहीपर्यंत आयटीवाल्याने त्याचा ईमेल बंदही केलेला असतो. आयकार्ड, लॅपटॉप, चार्जर जमा आणि गेटपर्यंत सिक्युरिटी सोबत. संध्याकाळी कंपनीचं निवेदन येतं, 'आमच्या मूल्यांशी हे सुसंगत नाही.' सकाळपासून त्या खोलीत मूल्यांचा म माझ्या तरी कानावर पडला नव्हता.

एप्रिल २०१८ आठव. कठुआतल्या आठ वर्षांच्या मुलीवरचा बलात्कार आणि तिची हत्या. त्यावर केरळमधल्या कोटक महिंद्रा बँकेच्या एका अधिकाऱ्याने फेसबुकवर अमानुष कमेंट केली. लोक खवळले, बँकेच्या पानावर जाऊन एकेक तारा देऊ लागले. बँकेने कमेंटचा निषेध केला आणि कळवलं, की या माणसाला ११ एप्रिललाच काढलं आहे. कारण? असमाधानकारक कामगिरी. तशी नोंद त्यांच्याकडे असेलही. पण बघ, हजारो लोकांना त्या वाक्याची शिक्षा हवी होती, आणि काढल्याच्या कारणात ते वाक्यच नाही. त्या माणसाबद्दल मला तसूभर कणव नाही. माझा मुद्दा एवढाच, की अशा प्रकरणांत न्यायनिवाडा होत नाही, गोंगाट मिटवला जातो. आणि गोंगाट कोणाविरुद्धही करता येतो.

अमेरिकेत तेच दिसलं. १० सप्टेंबर २०२५ ला युटा राज्यात चार्ली कर्क यांची गोळी घालून हत्या झाली. ते उजव्या गोटातलं मोठं नाव. पुढच्या काही दिवसांत शिक्षक, नर्स, विमान कंपन्यांचे कर्मचारी अशा कितीतरी लोकांच्या नोकऱ्या पोस्टमुळे गेल्या किंवा टांगणीला लागल्या. काहींनी खरंच हत्येचा आनंद साजरा केला होता, काहींनी नुसती कर्क यांचीच जुनी विधानं समोर ठेवली होती. चाळणी लावायला वेळ कोणाला? खुद्द उपाध्यक्ष जे. डी. व्हॅन्स म्हणाले, असा आनंद साजरा करणारा दिसला तर त्याच्या मालकाला फोन करा. बोलण्यावरून माणसं नोकरीला मुकतात म्हणून हीच मंडळी काही वर्षं आधी गळा काढत होती. तिथे बहुतेक राज्यांत खासगी मालक कारण न देताही काढू शकतो, आणि अभिव्यक्तीची घटनात्मक हमी सरकारला बांधते, मालकाला नाही. म्हणून सरकारी शाळा-विद्यापीठांतले लोक त्या हमीवर कोर्टात गेले. खासगीतल्यांना तो आधार नव्हता.

आपल्याकडेही मालकाचं पारडं जड आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण वाच. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, पगारवाढीच्या कराराची बोलणी रखडलेली, आणि एका कामगाराच्या व्यवस्थापनाविरुद्ध फेसबुकवर दोन पोस्ट. कंपनीने त्याला काढलं. कामगार न्यायालयाने कामगाराच्या बाजूने कौल दिला होता, उच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. त्या पोस्ट चिथावणीखोर होत्या असं न्यायालयाचं मत पडलं, आणि परिणाम होईपर्यंत कंपनीने थांबायला हवं होतं हे मान्य झालं नाही. म्हणजे ज्या कलमाखाली तुझ्या स्क्रीनशॉटमधला पोरगा जाईल, त्याच कलमाखाली उद्या ओव्हरटाइम मागणारा जाऊ शकतो. टॅग करून आपण त्या कलमाला धार लावून देतो. युनियनची पोरंसुद्धा उत्साहाने अशी टॅगिंग करतात तेव्हा मला नवल वाटतं.

पुण्यातली मे २०२५ मधली गोष्ट तुझ्या वयाची. एकोणीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरबद्दलची एक पोस्ट पुढे शेअर केली, दोन तासांत काढून टाकली, माफी मागितली. तरी अटक झाली आणि कॉलेजनेही बाहेरचा रस्ता दाखवला. तिची परीक्षा सुरू असताना ती येरवड्यात होती. २७ मे रोजी उच्च न्यायालयाने सरकारची आणि कॉलेजचीही खरडपट्टी काढून तिला सोडायला लावलं. तोवर पेपर बुडालेच होते.

मग कधीच तक्रार करायची नाही का? करायची, पण त्याचं बोलणं त्याच्या कामाशी भिडत असेल तर. अमक्या जातीच्या पेशंटला हात लावणार नाही असं नर्सने लिहिलं, तर रुग्णालयाला कळायलाच हवं. तेही लेखी तक्रार करून, चव्हाट्यावर नाही. धमकी असेल तर सायबर पोलीस आहेत. मार्च २०२० मध्ये इन्फोसिसच्या एका कर्मचाऱ्याने, बाहेर पडा, उघड्यावर शिंका, विषाणू पसरवा, असं लिहिलं होतं. त्याची नोकरी गेली आणि अटकही झाली. तिथे माझी तक्रार नाही.

तुझ्या स्क्रीनशॉटमधलं बोलणं यातल्या कशातच बसत नाही. पटत नसेल तर खाली नाव घालून उत्तर दे, ब्लॉक कर.

आता तुझ्यापुरतं. बायोमध्ये 'मतं वैयक्तिक' लिहिलंयस, त्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा फेसबुक-इन्स्टावरून कंपनीचं नाव काढ. ते लिंक्डइनवर राहू दे, आणि तिथे राजकारण नको. ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप खासगी नसतो, तिथलाच कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो. कधी कोरा कागद समोर आलाच तर त्या दिवशी सही करायची नाही. 'आरोप लेखी द्या, मी लेखी उत्तर देतो' एवढंच म्हणायचं. एकदा राजीनामा दिलास की आपल्याला काढलं हे सिद्ध करायचं ओझं तुझ्या डोक्यावर. तू कायद्याच्या व्याख्येत कामगार असशील तर गैरवर्तनाचा ठपका ठेवून चौकशीशिवाय काढलेलं सहसा टिकत नाही. हुद्दा मॅनेजरचा असेल तर मात्र बरंचसं नेमणूकपत्रावर, तेव्हा ते आजच बाहेर काढून वाच.

ताईचं प्रकरण निराळं, ती सरकारी नोकरीत. तिला १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. शिवाय जुलै २०२५ च्या जीआरने सरकारी धोरणांवर सोशल मीडियावर टीका करायला मनाई केली आहे आणि खासगी व कार्यालयीन अकाउंट वेगळी ठेवायला सांगितलंय. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये, सरकारी कर्मचाऱ्याचाही बोलण्याचा हक्क शाबूत असतो, असं म्हटलंय. पण तो निकाल पदरात पडेपर्यंत, खटला लढणारी सरकारी कर्मचारी बाई निवृत्त झाली होती. जीआरची प्रत तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तिचा नवा नंबर कळव.

तुझा,
काका