आशावादी की उमेदीचा?

अमळनेरच्या एका वाचकाने विचारले आहे की, हवामानबदल, पाणीटंचाई आणि प्रदूषण यांतून माणूस मार्ग काढीलच असे मानणाऱ्याला ‘आशावादी’ म्हणावे की ‘उमेदी’. दोन्ही शब्दांचे रूढ अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. ते उगाळत बसत नाही. ‘भाबडा’ हे विशेषण मात्र हल्ली ‘आशावादा’ला असे चिकटवले जाते, जणू शहाणा आशावाद संभवतच नाही, आणि ते ऐकून कान किटले आहेत. त्यात काही व्याख्याते ‘आशा म्हणजे दिशा, म्हणून आशावाद दिशा दाखवतो’ अशी फोड करून टाळ्या घेतात. संस्कृतात दिशावाचक ‘आशा’ आहे हे खरे, परंतु तिचा धातू वेगळा. इच्छा या अर्थाची ‘आशा’ ‘आ+शंस्’पासून येते.

खरी गंमत ‘उमेदवार’ या शब्दात आहे. फारसी ‘उम्मीद’ला ‘वार’ प्रत्यय लागून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘आशा बाळगणारा’ इतकाच. मराठीने मात्र त्याला कामाला लावले: पुढे कायम होऊ या भरवशावर बिनपगारी किंवा अल्प पगारावर राबणे म्हणजे उमेदवारी करणे, मग ती कचेरीत असो वा सुताराच्या हाताखाली. आशा नुसती लावून बसता येते, आणि फार वेळ बसले की माणूस आशाळभूत होतो. उमेदवारी बसून होत नाही. निवडणुकीने या शब्दाची रया घालवली, एवढेच.

हा अर्थ धरला तर ओझोनचे उदाहरण नेमके लागू पडते. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले छिद्र 1985 मध्ये जगापुढे आले, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, फ्रिजमधले आणि फवाऱ्यांतले घातक वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले. आजची धोरणे टिकली तर तेथील थर 2066च्या सुमारास 1980च्या पातळीवर येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या शास्त्रीय मूल्यमापनाचा अंदाज आहे. करारावर सह्या करणाऱ्यांपैकी कितीजण ते पाहायला असतील? ही उमेदवारीच.

आपल्याकडे धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीच्या काठी फडबागायतीत शतकानुशतके हेच चालत आले. बंधाऱ्याचे पाणी सामाईक, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका सलग पट्ट्यात, सर्वांचे एकच पीक, दारे धरायला पाटकरी नेमलेला, आणि हंगामापूर्वी पाटातला गाळ काढायला सर्व खातेदार हजर. स्वतःच्या वाफ्यापुरते पाहण्याची सोयच नाही. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून उजाड डोंगरावर जंगल परत आणले, त्यात पुढाकार घेणारे गावचे चैत्राम पवार यांना त्याबद्दल 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या गावाला भाबडे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

भाषाशुद्धीवाले ‘उमेद’ परकी म्हणून नाकारतात आणि ‘आशावाद’ हा इंग्रजी संज्ञेसाठी पाडलेला प्रतिशब्द बिनतक्रार स्वीकारतात, हा न्याय मला तरी कळलेला नाही.

राहता राहिले वाचकांचे ‘उमेदी’. हे विशेषण मराठीच्या वळणाचे वाटत नाही. ‘उमेदीचा माणूस’ म्हणावे. ‘आशावादी’ही चुकीचे नाही, फक्त त्यामागे ‘भाबडा’ लावू नये.