वाचकांचे प्रश्न : सर्फबोर्डच्या फिन्स निवडताना

प्रश्न : मी मूळचा रत्नागिरीचा असून गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त सिडनीत राहतो. दोन उन्हाळे डी वाय किनाऱ्यावर भाड्याच्या फोमच्या बोर्डवर सर्फिंग शिकल्यानंतर आता सहा फूट आठ इंचांचा एक वापरलेला बोर्ड विकत घेतला आहे. बोर्ड चांगला आहे, मात्र विकणाऱ्याने फिन्स, म्हणजे बोर्डच्या तळाशी शेपटाकडे बसवायची माशाच्या परांसारखी पाती, स्वतःकडे ठेवून घेतल्या. खालच्या बाजूला पाच फिन्सच्या जागा आहेत. दुकानात गेलो तर भिंतच्या भिंत फिन्सनी भरलेली. विक्रेता म्हणतो, चार फिन्सचा कार्बनचा संच घ्या. मित्र म्हणतो, तीनच बसव. माझे वजन ८४ किलो आहे. निवड कशाच्या आधारे करावी?
– एक वाचक, सिडनी

उत्तर : दुकानात पुन्हा जाण्यापूर्वी बोर्ड सतरंजीवर पालथा घाला आणि त्या पाच जागा नीट पाहा. प्रत्येक जागी एकामागे एक अशा दोन आखूड खाचा असतील, तर तो एफसीएस या फिन-कंपनीच्या पद्धतीचा बोर्ड आहे. एकच लांब खाच आणि तिच्या टोकाशी एक स्क्रू असेल, तर तो फ्यूचर्स या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीचा. या दोन पद्धतींच्या फिन्स एकमेकींच्या खाचांत बसत नाहीत. एफसीएसमध्येही जुनी आणि नवी असे दोन प्रकार आहेत : जुन्या प्रकारात फिन बारीक स्क्रूंनी आवळावी लागते, तर नव्यात ती स्क्रूशिवाय दाबून बसवता येते. खाचांचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून विक्रेत्याला दाखवलात, की भिंतीवरचा बराचसा माल आपोआप बाद होईल.

त्यानंतरचा निकष वजनाचा, आणि माझ्या मते इतर सर्व निकषांपेक्षा तोच महत्त्वाचा आहे. एफसीएसच्या तक्त्यानुसार मध्यम माप साधारण ६५ ते ८० किलोंसाठी आणि मोठे माप ७५ ते ९० किलोंसाठी असते. म्हणजे आपण निःसंशय मोठ्या मापात येता. मापापेक्षा लहान फिन्स लावल्या, तर वळताना बोर्डचे शेपूट पाण्याची पकड सोडून घसरते आणि शिकणाऱ्याला वाटते की आपला तोलच चुकला. फार मोठ्या लावल्या, तर बोर्ड रुळावरून चालल्यासारखा सरळच जातो, वळायला तयार होत नाही. बोर्डच्या लांबीच्या प्रत्येक फुटामागे एक इंच फिन, असाही एक हिशेब आपल्या कानावर आला असेल. तो एकाच फिनच्या लांब बोर्डासाठी आहे, आपल्या बोर्डाला लागू नाही.

वजनावर इतका भर देण्याचे कारण आपल्या शेजारच्याच किनाऱ्यावर सापडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोन फिन्सच्या बोर्डांची चलती होती. न्यूकॅसलचा मार्क रिचर्ड्स अशाच बोर्डांवर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जगज्जेता ठरला. लहान लाटांवर हे बोर्ड चपळ असत, पण आपल्या डी वायजवळच्या नॅराबीनचा सर्फर सायमन अँडरसन याचे त्यांच्याशी जमेना. सहा फुटांहून उंच आणि अंगाने भक्कम अशा या माणसाने जोर लावला, की दोन फिन्सचा बोर्ड त्याच्या पायाखालून निसटे. स्वतः बोर्ड घडवणारा असल्याने त्याने १९८० मध्ये जवळपास सारख्या मापाच्या तीन फिन्स लावून पाहिल्या : दोन कडांशी आणि एक मागे मध्यावर. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील बेल्स बीच येथील सर्फिंग स्पर्धा तो प्रचंड लाटांत याच बोर्डवर जिंकला. त्याने या रचनेचे पेटंट घेतले नाही आणि पाहता पाहता जगभरचे बोर्ड तीन फिन्सचे झाले. आपला मित्र ‘तीनच बसव’ म्हणतो, ते एका वजनदार माणसाने स्वतःची अडचण सोडवताना काढलेले उत्तर आहे आणि आपल्या ८४ किलोंना ते चपखल बसते.

चार फिन्सचा संच वाईट नव्हे. मध्यावर फिन नसल्याने बोर्ड मोकळा धावतो, पण मागच्या पायाने जोर देऊन वळताना जो ठाम आधार मधल्या फिनमुळे मिळतो, तो तेथे वेगळ्या रीतीने शोधावा लागतो. वळण अजून अंगवळणी पडायचे असताना ही उठाठेव करू नये. पाच जागा आहेत म्हणून पाचही भरायच्या नसतात; पुढच्या दोन आणि मधली एक एवढ्या वापरा.

आता आकार. हातात फिन धरलीत, तर तीन गोष्टी डोळ्यांनीच कळतात : पाया किती रुंद, उंची किती आणि टोक मागे किती झुकलेले. रुंद पाया वेग देतो, उंची पकड देते आणि टोक जितके मागे झुकलेले तितके वळण लांब व संथ होते. फिन म्हणजे होडीचे सुकाणू नव्हे, कारण ती जागची हलत नाही; आपण बोर्ड कडेवर कलवतो तेव्हा तिच्यावरून तिरके वाहणारे पाणी तिला बाजूने रेटते आणि त्या रेट्यावर आपण वळतो. म्हणूनच बाजूच्या फिन्स आतून सपाट आणि बाहेरून फुगीर असतात, तर मधली दोन्हीकडून सारखी फुगीर. बसवताना सपाट अंग आत आणि टोक शेपटाकडे, एवढे लक्षात ठेवले तरी डावी-उजवी चुकणार नाही. आपण तिन्ही बाबतींत मध्यम असलेला आकार घ्यावा.

सामग्रीचा विचार सर्वांत शेवटी करावा. कार्बन ताठ असतो व जोरकस सर्फर त्या ताठपणाचा उपयोग करून घेतो; किंचित लवणारी फिन नवशिक्याच्या चुका पोटात घालते. फायबरग्लासचा साधा संच, तोही वापरलेला मिळाल्यास, आपल्याला दोन हंगाम सहज पुरेल. जुना घेताना पायाशी बारीक तडा आहे का, हे नखाने चाचपून पाहा. पुढे बदल करावासा वाटला, तर प्रथम फक्त मधली फिन एक माप लहान लावून पाहा, म्हणजे फरक कशाने पडला हे कळेल.

प्रश्न : मी गोव्यात आश्वे येथे फोमच्या बोर्डवर शिकते. त्याच्या मऊ प्लॅस्टिकच्या फिन्स काढून चांगल्या लावल्या, तर प्रगती लवकर होईल का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : होणार नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात बोर्ड उलटून आपल्याच पोटरीवर येतो, तेव्हा मऊ फिनने खरचटते, तर कडक फिनने कापते. शिवाय फोमच्या बहुतेक बोर्डांत फिन वरच्या बाजूने स्क्रू घालून आवळलेली असते. तेथे एफसीएस किंवा फ्यूचर्सची फिन बसतच नाही. आपण एवढेच करा : दर खेपेस पाण्यात शिरण्यापूर्वी फिन बोटांनी हलवून पाहा, सैल वाटल्यास स्क्रू आवळा आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन टाका, कारण मीठ धरलेला स्क्रू ऐन वेळी फिरत नाही.